बी खोटं की औषध खोटं?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बियाण्यावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. 'जमाखर्च सोडून तू सरकी केव्हापासून मोजायला लागलास?' असे वर्गमित्रांनी मला विचारूनही घेतले. पण सरकी मोजण्याची पाळी माझ्यावर खरोखरच आली, आणि ती मोजताना आपल्या अभ्यासक्रमातले बरेच काही तिथे उपयोगी पडते असे दिसून आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा बैलहोंगलच्या बाजूला शेती करतात. गेल्या श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी दोन एकर कापूस लावला होता. बी नेहमीच्या दुकानातले नव्हते. ओळखीच्या एका माणसाने संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी आणून दिले होते. पाकिटावर कंपनीचे नाव नाही, टॅग नाही, पावती तर नाहीच. 'तणनाशक मारा, तण जळेल, कापसाला काही होणार नाही, भांगलणीचा खर्च वाचेल,' एवढेच त्याचे सांगणे. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर वेळेवर येत नाहीत, आणि पावसाच्या उघडिपीत तण कोणासाठी थांबत नाही. मामांनी विश्वास ठेवला.

तणनाशक मारल्यावर दहा-बारा दिवसांत तण जळाले. पण त्याबरोबर कापसाचीही बरीच झाडे शेंड्याकडून पिवळी पडून वाळू लागली. बीवाला म्हणाला, औषध खोटे. औषधवाला म्हणाला, बी खोटे. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस न्हवं? मग सांग बघू, बी खोटं की औषध खोटं?"

मला उत्तर देता आले नाही. बेळगावला परतल्यावर मी आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी जे समजावले आणि मागाहून मी जे वाचले, ते येथे सांगतो.

तणनाशक मारते कसे, आणि पीक वाचते कसे?

मामांनी वापरलेले तणनाशक ग्लायफोसेट होते. वनस्पती आपल्या शरीरात काही अमिनो आम्ले स्वतः तयार करतात. त्यांपैकी फेनिलअॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन तयार होण्यासाठी 'ई.पी.एस.पी.एस.' नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. ग्लायफोसेट या विकराला चिकटून बसते आणि त्याचे काम थांबवते. कुलपात भलतीच किल्ली मोडून बसावी तसा हा प्रकार. ही तीन आम्ले मिळाली नाहीत की नवीन वाढ थांबते, आणि शेंड्यापासून सुरुवात होऊन एक-दोन आठवड्यांत झाड मरते. ग्लायफोसेटला तण कोणते आणि पीक कोणते हा भेद कळत नाही. साधा कापूस त्याच्या दृष्टीने तणच.

जमिनीत राहणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम जातीच्या एका जिवाणूत शास्त्रज्ञांना याच विकराचे असे रूप सापडले की ज्याला ग्लायफोसेट चिकटू शकत नाही. जिवाणूच्या त्या वाणाला 'सी.पी.४' हे नाव आहे. त्याचे जनुक पिकात घातले की पिकाला दुसरे कुलूप मिळते. पहिले बंद पडले तरी दुसऱ्यावर काम चालते. अमेरिकेत असे सोयाबीन १९९६ साली शेतात आले, आणि पाठोपाठ कापूसही आला.

आपल्या देशातील स्थिती निराळी आहे. बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस २००२ च्या मार्चमध्ये मंजूर झाला. दोन बीटी जनुके असलेला पुढचा प्रकार २००६ साली आला. तणनाशक-सहिष्णू कापसाच्या मंजुरीसाठी झालेला अर्ज मात्र २०१६ साली अर्जदार कंपनीनेच मागे घेतला, आणि हे लिहीपर्यंत असा कापूस भारतात मंजूर झालेला नाही. तरी बी बाजारात फिरतेच. कोणी त्याला 'एचटीबीटी' म्हणतात, कोणी 'बीजी-३', तर वर्तमानपत्रे सरळ 'चोरबीटी' म्हणतात. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बी उघडपणे पेरून कायद्याला आव्हान दिले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हे त्यांचे म्हणणे. सरकारी अधिकाऱ्यांनी तेथील नमुने तपासणीसाठी नागपूरला पाठवले. बाजू कोणतीही घ्या, 'हे बी नक्की कोणते?' या प्रश्नाचे उत्तर भाषणात मिळत नाही, तपासणीत मिळते.

हत्ती आणि चार आंधळे

आपला अंक मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांचा असल्यामुळे एक गंमत सांगावीशी वाटते. कन्नडमध्ये 'हत्ती' म्हणजे कापूस. कन्नड विभागातील मित्राला मी 'हत्तीची परीक्षा' असे म्हटले तर तो सरकीचा विचार करतो आणि मराठी मित्र सोंडेचा. पण आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट येथे दोन्ही अर्थांनी लागू पडते. बी तपासण्याच्या चार मुख्य रीती आहेत, आणि प्रत्येक रीत बियाच्या एकेका अंगालाच हात लावते. कोणती रीत कशाला हात लावते हे कळले की अर्धे गैरसमज नाहीसे होतात.

पहिली रीत रोपाची. ही सर्वांत साधी आणि स्वस्त. अंकुरण कागद तणनाशकाच्या अतिशय सौम्य द्रावणात भिजवायचा, त्यावर बी मांडून गुंडाळी करायची आणि साधारण आठवडाभर उबेत ठेवायची. शेजारी साध्या पाण्यात भिजवलेली दुसरी गुंडाळी हवीच, नाहीतर बी मुळातच मेलेले होते की द्रावणाने मेले हे कळणार नाही. सहिष्णू बियाचे मूळ सरळ लांब जाते आणि त्याला उपमुळे फुटतात. साध्या बियाचे मूळ आखूड, जाडसर राहते. आपले शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे बांधून उगवण पाहतात, त्याच परंपरेतली ही परीक्षा म्हणता येईल.

मात्र तिच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. बी जिवंत असावे लागते, वेळ लागतो आणि द्रावणाचे प्रमाण चुकले तर निकालही चुकतो. शिवाय ही परीक्षा फक्त वागणूक पाहते, कूळ पाहत नाही. 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' हे भाताचे दोन वाण इमाझेथापायर नावाच्या तणनाशकाला टिकतात. परंतु त्यांत बाहेरचे जनुक घातलेले नाही. भाताच्याच जनुकात उत्परिवर्तन घडवून तो गुण मिळवला आहे. असे बी त्या तणनाशकाच्या द्रावणात उत्तम उगवेल, पण म्हणून ते जनुकीय अभियांत्रिकीचे ठरत नाही. तणनाशकाला टिकणे ही एक गोष्ट आणि ते टिकणे कोठून आले ही दुसरी.

दुसरी रीत पट्टीची. बी कुटून त्यात ठरावीक द्रव मिसळायचा आणि कागदी पट्टीचे टोक त्यात बुडवायचे. पट्टीत प्रतिपिंडे असतात. ही प्रतिपिंडे सी.पी.४ प्रथिनालाच धरतात, दुसऱ्या कशाला नाही. त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असल्यामुळे जेथे ती अडकतात तेथे तांबूस रेघ उमटते. पाच-दहा मिनिटांत निकाल मिळतो. दोन रेघा आल्या तर प्रथिन आहे, एकच नियंत्रण-रेघ आली तर नाही, आणि एकही आली नाही तर पट्टीच निकामी समजावी. कोविडच्या काळात घरोघरी झालेली परीक्षा याच तत्त्वावरची होती, म्हणून ती समजायला अवघड नाही. बीटी प्रथिनासाठी अशा पट्ट्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पूर्वीच तयार केल्या होत्या.

पट्टीला एकच प्रथिन ओळखता येते. ग्लुफोसिनेट या दुसऱ्या तणनाशकाला टिकण्यासाठी 'बार' नावाचे वेगळेच जनुक वापरतात. 'डी.एम.एच.-११' या मोहरीत तेच आहे. सी.पी.४ ची पट्टी त्या मोहरीत बुडवली तर ती 'नाही' म्हणेल, आणि तिच्या परीने ते खरेच असेल. दुसरे असे की, उष्णतेने प्रथिनाचा आकार बिघडतो. त्यामुळे भाजलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या मालावर पट्टी भरवशाची राहत नाही.

तिसरी रीत एलायझाची. तत्त्व पट्टीचेच, पण काम प्रयोगशाळेत, लहान लहान ९६ खाचांच्या ताटलीत. रंग किती गडद झाला हे यंत्राने मोजून प्रथिनाचे प्रमाण सांगता येते. एका वेळी बरेच नमुने होतात, हा फायदा.

चौथी रीत पी.सी.आर.ची. ही प्रथिनाकडे न पाहता थेट डी.एन.ए.कडे पाहते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली ही कल्पना मांडली आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डी.एन.ए. सुमारे ९५ अंशांना तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे, थोडे थंड करून हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना खुणेचे लहान धागे चिकटू द्यायचे, मग ७२ अंशांवर मधला भाग भरून घ्यायचा. एका फेरीत एकाचे दोन होतात, दुसरीत चार. हे आपले चक्रवाढ व्याजच, दर शेकडा शंभर आणि मुदत तीस फेऱ्या! तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. म्हणून अगदी किंचित भेसळही सापडते. पण याच कारणाने प्रयोगशाळेतल्या टेबलावरची पूर्वीच्या नमुन्याची धूळही 'सापडते'. म्हणून प्रत्येक वेळी कोरा नमुना बरोबर चालवावा लागतो.

पी.सी.आर.मध्येही काय शोधायचे हे आधी ठरवावे लागते. पुष्कळ अभियांत्रिकी पिकांत सामाईक असणारे काही भाग शोधून 'यात काही घातले आहे काय' एवढे चाचपता येते. परंतु आपल्याकडे बहुतेक कापूस आधीच मंजूर बीटी आहे, म्हणजे त्यात काही तरी घातलेले असणारच. तेथे हा मोघम प्रश्न निरुपयोगी ठरतो. सी.पी.४ जनुक आहे काय, हेच विचारावे लागते. त्याहून नेमका प्रश्न म्हणजे ते जनुक पिकाच्या डी.एन.ए.मध्ये कोणत्या ठिकाणी बसले आहे. घातलेला तुकडा आणि पिकाचा स्वतःचा डी.एन.ए. यांचा सांधा प्रत्येक मूळ रोपात निराळा असतो. जमिनीच्या उताऱ्यावर मालकाचे नाव सारखे असू शकते, सर्व्हे नंबर सारखा नसतो, तसेच हे. सांधा ओळखला की बी मूळ कोणत्या घराण्यातले हे सांगता येते.

किती दाणे तपासावेत?

येथे मात्र वाणिज्य शाखेला बोलण्याचा अधिकार आहे. कुटलेले बी पेरता येत नाही, म्हणून सगळे पाकीट तपासणे म्हणजे सगळे पाकीट संपवणे. अर्थात नमुना घ्यावा लागतो. लेखापरीक्षक सर्व पावत्या न तपासता निवडक तपासतो तसेच.

समजा, बियात शंभरात एक दाणा भेसळीचा आहे. आपण शंभर दाणे तपासले तर तो सापडेलच असे पुष्कळांना वाटते. हिशेब तसे सांगत नाही. एक दाणा भेसळीचा नसण्याची संभाव्यता ०.९९. शंभरही दाणे तसे नसण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. तेव्हा शंभर दाणे तपासूनही भेसळ निसटण्याची शक्यता शेकडा ३७ राहते. ती पाचवर आणायची तर सुमारे ३०० दाणे हवेत. भेसळ हजारात एक असेल तर ३,०००. शेकड्यातील भेसळीने ३०० ला भागावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तीन हजार दाण्यांना तीन हजार पट्ट्या कोण लावणार? त्यावर उपाय गटाचा. अमेरिकेत १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन यांनी सैन्यभरतीतील रक्ततपासणीसाठी सुचवले की अनेकांचे रक्त एकत्र करून एकदाच तपासावे. निकाल 'नाही' आला तर सर्व सुटले, 'आहे' आला तर त्या गटापुरते पुन्हा पाहावे. बियांचेही असेच गट करून कुटतात. मात्र गट इतका मोठा नसावा की एका दाण्याचे प्रथिन त्यात विरून पट्टीला दिसेनासे होईल.

तपासणी हुकली तर काय किंमत पडते, याचे एक उदाहरण व्यापाराच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लांब दाण्याच्या तांदळात ग्लुफोसिनेटला टिकणाऱ्या नामंजूर तांदळाचा अंश सापडला. भाव कोसळले, परदेशी गिऱ्हाइके मागे सरली, आणि संबंधित बायर कंपनीने २०११ साली शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. दुसरे उदाहरण २०१३ चे. ऑरेगॉन राज्यातील एका शेतकऱ्याला पडीक रानात ग्लायफोसेट मारूनही न मेलेला गहू दिसला. त्याने तो विद्यापीठात पाठवला, आणि त्यात कधीच विक्रीस न आलेले सहिष्णू जनुक निघाले. जपानने लगेच त्या प्रकारच्या गव्हाची खरेदी थांबवली. पहिली परीक्षा येथेही शेतातच झाली होती, हे विसरू नये.

मामांचे शेत

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. उत्तराचा अर्धा भाग शेतातच उभा होता. तण सगळीकडे सारखे जळाले होते, म्हणजे औषध खरे होते आणि फवाराही सर्वत्र पोचला होता. कापसाची मेलेली झाडे मात्र एका कोपऱ्यात नव्हती. उभ्या झाडांच्या मधेमधे विखुरलेली होती. एकाच ओळीत, हातभर अंतरावर, एक झाड हिरवे आणि एक वाळलेले. म्हणजे फरक बियातच होता.

मी सलग ओळींतली २०० झाडे मोजली होती. १४१ उभी, ५९ मेलेली. सरांनी आकडे पाहिले आणि मेंडेलची आठवण करून दिली. संकरित कापसात हे जनुक एकाच पालकाकडून आले असेल, तर त्या पिकातली सरकी धरून पुन्हा पेरली असता चारातील तीन झाडांत ते येते आणि एकात येत नाही. म्हणजे २०० त १५० आणि ५० अपेक्षित. मी काय-वर्ग कसोटी लावली. उत्तर २.१६ आले. शेकडा पाच पातळीची मर्यादा ३.८४. म्हणजे माझे आकडे तीनास एक या प्रमाणाशी विसंगत नाहीत. यावरून कोणी जिनिंगची सरकी पाकिटात भरून विकली हे सिद्ध होत नाही. दोन तऱ्हेचे बी मिसळले तरी असे आकडे येऊ शकतात. पण बी एकजिनसी नव्हते, एवढे निश्चित. पाकिटाच्या तळाशी राहिलेली मूठभर सरकी आम्ही कागदाच्या गुंडाळीत लावली, तेव्हा तेथेही काही मुळे लांब गेली आणि काही आखूडच राहिली. साध्या पाण्यातली गुंडाळी मात्र चांगली उगवली.

उत्तर मिळाले, पण भरपाई मिळाली नाही. ती मिळणे अवघडच होते. पावती नाही, म्हणून विक्रीचा पुरावा नाही. आणि पुरावा असता तरी ज्या मालाची विक्रीच कायद्याने वर्ज्य, त्या व्यवहाराला १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ आड येते. बेकायदा उद्देशाचा करार निरर्थक ठरतो, हे आपण पहिल्या वर्षी पाठ करतो. ते कलम वाळलेल्या कापसात उभे राहून वाचले तेव्हा मला प्रथमच समजले. मालाच्या मंजुरीबरोबर त्याची तपासणी, त्याचा टॅग आणि त्याच्या विरुद्धची तक्रार ही सगळी साखळी येते. चोरवाटेने आलेल्या मालाला यातले काहीच नसते. तपासणी करण्याचे कर्तव्य नसलेला विकणारा आणि तपासणीचे साधन नसलेला घेणारा, अशा दोघांत व्यवहार होतो, आणि नुकसान नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला येते.

हे सगळे मी मामांना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खरं हाय तुझं. पण भांगलणीला माणसं मिळत न्हाईत, तेचं काय करायचं सांग की."

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि कोणत्याही पट्टीत किंवा पी.सी.आर.मध्ये ते नाही. तपासणी फक्त हातातली वस्तू काय आहे हे सांगते. ती घ्यावी लागू नये अशी सोय करणे हे दुसऱ्यांचे काम आहे. तोवर एवढे आपल्या हातात आहे: बी घेताना पावती घ्यावी, आणि पाकीट, टॅग व मूठभर बी पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. यंदा मामांनी दुकानातून पावती घेऊन बी आणले. पावती त्यांनी माझ्याकडे पाठवून दिली आहे. ती मी व्यवसाय संख्याशास्त्राच्या वहीत ठेवली आहे.